डायलिसिसच्या आधीची वर्षे कोणाची? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण, महाराष्ट्र राज्य,
आणि सार्वजनिक आरोग्य विभागातील सर्व संबंधित अधिकारी

सादर नमस्कार.

आमच्या तालुक्यात नुकतेच डायलिसिसचे केंद्र सुरू झाले. फीत कापली, भाषणे झाली, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आले. त्या केंद्राबद्दल माझी काहीही तक्रार नाही. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास ज्याला यंत्राला जोडून घ्यावे लागते, त्याला ते यंत्र जिल्ह्याच्या गावाऐवजी तालुक्यात मिळाले तर त्याच्या घराचे किती हाल वाचतात, हे मी रोज बघते आहे. पण त्या कार्यक्रमात व्यासपीठावरून असे सांगण्यात आले की आता मूत्रपिंडाच्या रुग्णांची पूर्ण सोय झाली. ते ऐकल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही. झाली ती सोय मूत्रपिंड निकामी झाल्यानंतरची आहे. निकामी होण्याआधी जी पाच-सात वर्षे हातात असतात, त्या वर्षांत आपला विभाग कुठे असतो, हे विचारण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. उघडपणे लिहिते आहे, कारण हा प्रश्न माझ्या एकटीच्या घरचा नाही.

मी ग्रामीण रुग्णालयांत प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. रक्त, लघवी, थुंकी यांचे नमुने तपासण्यातच आयुष्य गेले. तपासणीची कागदी पट्टी, म्हणजे स्ट्रिप, हाती येण्याआधी आम्ही लघवीतले प्रथिन उकळून बघायचो. परीक्षानळी पाऊण भरायची, वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर धरायचा, पांढुरका गढूळपणा दिसला की ॲसिटिक ॲसिडचे दोन-चार थेंब टाकायचे. गढूळपणा गेला तर फॉस्फेट, राहिला तर अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन. ही तपासणी फार जुनी. लंडनच्या गाइज रुग्णालयातल्या डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली अंगावर सूज असलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात धरून मेणबत्तीवर तापवली होती आणि सूज, लघवीतून जाणारे प्रथिन व बिघडलेले मूत्रपिंड यांचे नाते दाखवून दिले होते. पुढे कितीतरी वर्षे या आजाराला त्यांच्याच नावाने ओळखत. दोनशे वर्षांपूर्वी जे चमच्यात दिसत होते, ते आज मिनिटभरात कागदी पट्टीवर दिसते. तरीही माझ्या घरात ते वेळेवर कोणी पाहिले नाही.

माझ्या बहिणीचा मुलगा. आयटीआय झालेला, फिटर. एकोणीस वर्षांचा असताना सर्दी-तापात त्याची लघवी कोऱ्या चहासारखी झाली. गावातल्या डॉक्टरांनी उन्हाळी लागली म्हणून सांगितले, धने-जिऱ्याचे पाणी आणि औषधाची एक बाटली दिली. दोन दिवसांत लघवी स्वच्छ झाली आणि विषय मिटला. पुढच्या वर्षी घसा धरला तेव्हा पुन्हा तेच. या वेळी मुतखड्याची शंका आली, सोनोग्राफी झाली, खडा नाही म्हणून घरी पाठवले. लघवीची साधी तपासणी दोन्ही वेळा झाली नाही. मी तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला होते, आणि दोन दिवसांत बरे झालेले दुखणे मावशीला कोण कळवतो? तेविसाव्या वर्षी कंपनीत कायम होण्याआधीच्या तपासणीत त्याचा रक्तदाब १८० च्या पुढे निघाला, लघवीत अल्ब्युमिन तीन प्लस, आणि मूत्रपिंडाने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा, म्हणजे क्रिएटिनिन, पाचच्या वर. बायोप्सीत कळले की आयजीए नेफ्रोपथी हा मूत्रपिंडाच्या सुजेचा आजार आहे आणि मूत्रपिंडातल्या बहुतेक गाळण्या वाळून गेल्या आहेत. नोकरी गेली. आता डायलिसिसवर आहे आणि किडनी देण्यासाठी माझ्या बहिणीच्या तपासण्या चालू आहेत. तिची किडनी बसली तरी हा आजार नव्या किडनीतही परत येऊ शकतो, हे त्याला ठाऊक आहे. तो बोलत नाही त्याविषयी.

हा आजार नेमका काय, हे मी इथे थोडे सविस्तर लिहिते. आपल्या अधिकाऱ्यांना ते माहीत असेलच, पण हे पत्र इतरही वाचतील.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. बारीक रक्तवाहिन्यांचे गुच्छच ते. दिवसभरात त्यांतून १८० लिटरच्या आसपास द्रव गाळला जातो, त्यातला जवळजवळ सगळा शरीर परत घेते आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते. या गाळण्यांना सूज येते तो ग्लोमेरुलोनेफ्रायटिस. बहुतेक वेळा ही सूज जंतूंनी थेट आणलेली नसते. शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच तिथे उलटते. चाळणीची जाळी सैल पडावी तसे प्रथिन आणि लाल पेशी लघवीत उतरू लागतात, आणि सूज दीर्घकाळ राहिली की गाळण्या एकेक करून कायमच्या वाळतात.

याचे प्रकार बरेच. लहान मुलांत दिसणारा सर्वांत ओळखीचा प्रकार स्ट्रेप्टोकॉकस या जंतूने घसा किंवा कातडी बिघडल्यानंतरचा. घसा बरा होऊन एक-दोन आठवडे, किंवा चिघळलेली खरूज-फोड बरी होऊन सुमारे तीन आठवडे झाले की सकाळी मुलाचे डोळे सुजलेले दिसतात, लघवी कमी आणि काळपट होते, रक्तदाब चढतो. बहुतेक मुले यातून पूर्ण बरी होतात. पण रक्तदाब कोणी मोजलाच नाही तर झटके येऊ शकतात, छातीत पाणी भरू शकते. तरुणांत जगभर सर्वाधिक दिसणारा प्रकार म्हणजे आयजीए नेफ्रोपथी. पॅरिसमधल्या जाँ बर्जे आणि निकोल इंग्ले यांनी १९६८ साली त्याचे वर्णन केले. यात सर्दी-घसा चालू असतानाच, एक-दोन दिवसांत लघवी लाल होते. म्हणजे माझ्या भाच्याला जे झाले ते या आजाराचे पुस्तकात लिहिलेले सर्वांत ठळक लक्षण होते. तिसरा प्रकार ल्युपसचा, म्हणजे प्रतिकारशक्ती सगळ्या शरीरावरच उलटते त्या आजाराचा. तो मुख्यतः तरुण मुली-बायकांना गाठतो. गालांवर लाल चट्टे, सांधेदुखी, केस गळणे, तोंडात फोड, आणि अशा रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या मूत्रपिंडाला कधी ना कधी झळ पोचते. लग्नाच्या वयातली मुलगी, चेहऱ्यावर चट्टे. घरचे आधी कुठे जातात हे मी सांगायला नको. ब्युटी पार्लर, मग बाबा, मग कातडीचा डॉक्टर. लघवी तपासायला कोणी सांगेपर्यंत वर्ष उलटलेले असते.

आणि मूत्रपिंड बिघडले की बिघाड लघवीपुरता राहत नाही. रक्तदाब वाढतो, तो हृदयावर, मेंदूवर, डोळ्यांच्या पडद्यावर येतो. लाल पेशी बनवायला लागणारे संप्रेरक मूत्रपिंडातून येते, ते घटले की हिमोग्लोबिन उतरते आणि माणूस लोहाच्या गोळ्या खात बसतो, उपयोग होत नाही. हाडे ठिसूळ होतात, मुलांची उंची खुंटते. प्रथिन फार गेले तर रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, जंतुसंसर्ग लवकर होतो. बाईला गर्भारपण जड जाते. आणि हे सगळे होत असताना वेदना जवळजवळ नसते. क्रिएटिनिनसुद्धा भरवशाचे नाही, निम्म्याच्या आसपास काम थांबेपर्यंत ते नॉर्मल दिसू शकते. लवकर सांगते ती लघवी. लघवीला फेस, लघवीचा रंग, लघवीतले प्रथिन.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार याच पट्टीबद्दल. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि उपकेंद्रांत लघवीतले प्रथिन बघायची स्ट्रिप ठेवलेली असते ती गरोदर मातांसाठी. गरोदरपणात प्रत्येक भेटीत अल्ब्युमिन बघायचे, हे आपल्या एएनएम ताईंच्या अंगवळणी पडलेले आहे, आणि त्यामुळे कितीतरी बायांचे जीव वाचले आहेत. म्हणजे पट्टी आहे, ती बघणारे डोळे आहेत, नोंदवायची वही आहे. पण त्याच उपकेंद्रात तोंड सुजलेले दहा वर्षांचे पोर आले, किंवा लाल लघवीची तक्रार घेऊन विशीतला मुलगा आला, तर ती पट्टी त्याच्यासाठी काढायची असा कोणाला आदेश नाही. माझ्या नोकरीच्या काळात मी अशा पोरांच्या लघव्या स्वतःहून तपासल्या आहेत, कारण मला सवय होती. एका तंत्रज्ञाच्या सवयीवर राज्याची आरोग्यव्यवस्था चालू नये.

दुसरी तक्रार शाळांची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली. अठरा वर्षांपर्यंतची मुले त्यात येतात, पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. कार्यक्रम चांगला आहे. त्यातल्या आजारांच्या यादीत कातडीचे विकार आहेत, हृदयाचा संधिवातज आजार आहे. हा हृदयाचा आजार त्याच स्ट्रेप्टोकॉकसच्या मागून येतो, ज्याच्या मागून मूत्रपिंडाची सूज येते. एकाच जंतूने हृदय बिघडवले तर यादीत, मूत्रपिंड बिघडवले तर नाही. पथक मुलाचा घसा बघते, खरूज बघते, आणि त्यानंतर जो प्रश्न विचारायला हवा तो विचारत नाही: लघवीचा रंग बदलला होता का? सकाळी डोळे सुजतात का? मुलांचा रक्तदाब मोजायला लहान कफ लागतो. मोठा कफ लहान हातावर बांधला की आकडा चुकीचा, कमी येतो. मी काम केलेल्या ठिकाणी हा लहान कफ क्वचितच बघितला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. जपानमध्ये १९७४ पासून शाळेतल्या प्रत्येक मुलाची लघवी दरवर्षी तपासतात. तैवानने १९९० मध्ये आणि दक्षिण कोरियाने १९९८ मध्ये तसे सुरू केले. याउलट अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्ये सरसकट तपासणीची शिफारस मागे घेतली, कारण पट्टीवर तात्पुरते प्रथिन बऱ्याच निरोगी मुलांतही दिसते आणि घरच्यांची उगाच धावपळ होते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणून राज्यातल्या प्रत्येक मुलाची लघवी उद्यापासून तपासा असे मी म्हणत नाही. ज्याचे तोंड सुजले आहे, ज्याचा रक्तदाब वाढला आहे, ज्याची लघवी लाल झाली आहे, ज्याला नुकतीच चिघळलेली खरूज होऊन गेली आहे, त्याची तरी तपासा. याला कोणत्याही देशातला डॉक्टर नाही म्हणणार नाही.

तिसरी तक्रार मला सगळ्यांत जास्त टोचते. अठराव्या वर्षी मूल बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून बाहेर पडते. असंसर्गजन्य आजारांची गावपातळीवरची तपासणी सुरू होते तिसाव्या वर्षी. त्या कार्यक्रमाच्या कागदांत आता मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराचाही समावेश आहे, पण आशाताई घरोघर फॉर्म भरते ती तिशीच्या पुढच्यांचाच. मग अठरा ते तीस या बारा वर्षांत माणूस कोणाचा? आयजीए नेफ्रोपथी याच वयात सर्वाधिक सापडते. ल्युपस याच वयात. मुले शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला, कामासाठी चाकण-वाळूजला जातात ती याच वयात. खोलीवर राहतात, सर्दी-ताप अंगावर काढतात, दुकानातून गोळी घेतात. या बारा वर्षांत मुलीची लघवी निदान गरोदरपणात तपासली जाते, आणि कितीतरी मुलींचा मूत्रपिंडाचा आजार पहिल्यांदा तिथेच उघडकीला येतो. मुलाच्या वाट्याला तेही नाही. त्याचा रक्तदाब पहिल्यांदा मोजला जातो तो नोकरीच्या मेडिकलमध्ये, आणि तिथे निदान झाले की त्याच दिवशी नोकरी जाते. जे निदान उपचाराकडे न्यायला हवे होते, ते त्याला घरी बसवते.

मूत्रपिंडाच्या आजाराची जी काही जाहिरात होते, ती मधुमेह आणि रक्तदाब या दोन आजारांचा परिणाम म्हणूनच. त्यामुळे लोकांच्या आणि बऱ्याच डॉक्टरांच्याही डोक्यात बसले आहे की किडनी हा पन्नाशीचा, साखरवाल्यांचा आजार. डायलिसिसच्या खोलीत एकदा बसून बघा. विशी-तिशीतली पोरे तिथे कमी नाहीत, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या कागदावर आजाराच्या मूळ कारणाच्या जागी काहीच लिहिलेले नाही. निदानच झाले नव्हते, लिहिणार काय?

चौथी तक्रार सूक्ष्मदर्शकाची, म्हणजे माझ्या कामाची. लघवीतल्या लाल पेशी मूत्रपिंडाच्या गाळण्यांतून आल्या की खड्यामुळे किंवा जखमेमुळे खालून आल्या, हे सूक्ष्मदर्शकाखाली कळू शकते. गाळणीतून आलेल्या पेशी वेड्यावाकड्या दिसतात, आणि लाल पेशींचे लांबट साचे, ज्यांना आम्ही आरबीसी कास्ट म्हणतो, दिसले तर गाळण्यांना सूज आहे हे जवळजवळ नक्की. पण त्यासाठी नमुना ताजा लागतो, तासा-दोन तासांत बघावा लागतो. उन्हाळ्यात गाडीतून दूरच्या प्रयोगशाळेत गेलेल्या नमुन्यात कास्ट विरघळून गेलेले असतात आणि अहवालात ‘काही नाही’ छापून येते. मोफत तपासण्यांची संख्या वाढली ही चांगलीच गोष्ट. पण गावातल्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक झाकून ठेवायची पाळी आली, तंत्रज्ञाच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या, हे त्याच्या जोडीने घडले. नमुना गोळा करणे आणि नमुना बघणे ही दोन वेगळी कामे आहेत.

बायोप्सीचेही तसेच. कातडी बधिर करून, सोनोग्राफीत बघत सुईने मूत्रपिंडाचा छोटा तुकडा काढायचा, एवढेच ते असते. पण बायोप्सीशिवाय कोणत्या प्रकारची सूज, किती वाळले, किती वाचण्यासारखे, हे कळत नाही आणि स्टिरॉइड द्यायचे की नाही हेही ठरत नाही. तुकड्याचा एक भाग फॉर्मेलिनमध्ये आणि दुसरा इम्युनोफ्लोरेसन्ससाठी, म्हणजे चमकणाऱ्या रंगाने केलेल्या खास तपासणीसाठी, वेगळ्या द्रावणात पाठवावा लागतो. ही सोय मोजक्या मोठ्या शहरांत आहे. आमच्याकडचा रुग्ण तिथे पोचेपर्यंत मूत्रपिंडे आकसलेली असतात, आणि मग डॉक्टर सांगतात की आता बायोप्सीचा उपयोग नाही.

पाचवी तक्रार थोडक्यात. डायलिसिस मोफत आहे. २०१६ च्या अर्थसंकल्पात केंद्राने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला, राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, दोन्हींचा आमच्या घराला आधार आहे आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण या योजनांचा मुख्य भर रुग्णालयात दाखल झालेल्या किंवा डायलिसिसला आलेल्या माणसावर. जो अजून डायलिसिसपर्यंत पोचलेला नाही आणि पोचू नये म्हणून दरमहा ओपीडीत येतो, त्याचे काय? त्याला रक्तदाब आणि लघवीतले प्रथिन कमी करणारे टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल लागते, मूत्रपिंड जपणारे डापाग्लिफ्लोझिन लागते, काहींना प्रतिकारशक्ती आवरणारे मायकोफेनोलेट किंवा टॅक्रोलिमस लागते, आणि दर काही महिन्यांनी लघवीतल्या प्रथिनाचे मोजमाप लागते. डापाग्लिफ्लोझिनचे मूळ पेटंट २०२० मध्ये संपले, देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या. मायकोफेनोलेट मात्र अजूनही मजुराच्या आवाक्याबाहेर आहे. मग दोन महिने गोळी, एक महिना नाही, असे चालते. स्टिरॉइडने चेहरा सुजतो, शेजारीपाजारी बोलतात, मुलगी गोळी बंद करते आणि तिला समजावून सांगणारे कोणी नसते. डायलिसिसच्या वर्षाच्या १५६ फेऱ्या सरकार भरते. त्या फेऱ्या पुढे ढकलणाऱ्या गोळ्या माणसाने स्वतः भरायच्या. या हिशेबात सरकारचाही तोटा आहे.

सहावी तक्रार आपल्या विभागाबरोबरच अन्न व औषध प्रशासनालाही उद्देशून आहे. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना सूज आली आणि तिचा संबंध त्या वापरत असलेल्या चेहरा उजळण्याच्या क्रीममधल्या पाऱ्याशी असल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या तपासात पुढे आले. सगळ्या वर्तमानपत्रांत ते छापून आले होते. केरळमधल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळातल्या मेम्ब्रेनस नेफ्रोपथी या गाळण्यांच्या आजाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या १५ जणांत नेल-१ नावाचे प्रथिन सापडले आणि त्या १५ पैकी १३ जण अशीच क्रीम लावत होते. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा आजार उतरला. म्हणजे हा पूर्णपणे टाळता येण्यासारखा आजार आहे. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मिसळता येत नाही, नकळत राहिलेला पाराही दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. नियम स्वच्छ आहे. पण आठवडी बाजारात आणि गल्लीतल्या पार्लरमध्ये बिनालेबलच्या डब्या मिळतात त्या आजही मिळतात, आणि डॉक्टर लघवीत प्रथिन बघून गोळ्या लिहितात तेव्हा ‘तोंडाला काय लावतेस?’ हा प्रश्न विचारत नाहीत. गावठी भस्मांचे आणि कंबर दुखली की दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाच्या इंजेक्शनांचेही असेच. ऊसतोडीच्या हंगामात तर अशी इंजेक्शने घेऊन लोक दुसऱ्या दिवशी फडात उभे राहतात. ज्याचे मूत्रपिंड आधीच सुजलेले आहे त्याला ते इंजेक्शन किती महागात पडते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

महोदय, मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने मूत्रपिंडाच्या आरोग्याविषयी पहिल्यांदाच स्वतंत्र ठराव मंजूर केला. भारत त्या परिषदेचा सदस्य आहे. ठरावाचा भर प्रतिबंधावर आणि लवकर निदानावर आहे. दरवर्षी मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक मूत्रपिंड दिन येतो, रुग्णालयांत फलक लागतात, पाणी भरपूर प्या असे सांगितले जाते. ग्लोमेरुलोनेफ्रायटिस पाणी पिऊन टळत नाही. उलट अंगावर सूज असताना पाणी मोजून प्यायला लागते. लोकांना चुकीचा धडा देण्यापेक्षा तो दिवस लघवीच्या पट्टीसाठी वापरा.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. एक परिपत्रक काढावे. तोंडावर किंवा पायांवर सूज, लाल-काळपट किंवा फेसाळ लघवी, चाळिशीच्या आत वाढलेला रक्तदाब, यांपैकी काहीही घेऊन आलेल्या कोणत्याही वयाच्या व्यक्तीची लघवी त्याच भेटीत पट्टीवर तपासावी आणि रक्तदाब मोजावा. पट्ट्यांची मागणी त्या हिशेबाने वाढवावी.

२. बाल स्वास्थ्य पथकांच्या तपासणीत मूत्रपिंडाच्या सुजेचे प्रश्न आणि रक्तदाब यांचा समावेश राज्याने स्वतःच्या अधिकारात करावा. प्रत्येक पथकाला लहान मुलांचे कफ द्यावेत. चिघळलेली खरूज किंवा घसा असलेल्या मुलाची तीन आठवड्यांनी पुन्हा विचारपूस व्हावी, ती आशाताईंच्या कामात मोबदल्यासह धरावी.

३. अठरा ते तीस या वयासाठी काहीतरी हवेच. आयटीआय, महाविद्यालये, वसतिगृहे आणि औद्योगिक वसाहती इथे प्रवेशाच्या वेळी व वर्षातून एकदा रक्तदाब आणि लघवीची पट्टी, एवढे पुरे. यातून जे सापडेल ते गुप्त राहावे, त्यावरून कोणाची नोकरी जाऊ नये आणि त्याला पुढच्या उपचाराची चिठ्ठी मिळावी. सुरुवात दोन-तीन जिल्ह्यांत करून निष्कर्ष जाहीर करावेत, म्हणजे पुढचा वाद आकड्यांवर होईल.

४. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांतली प्रयोगशाळा तंत्रज्ञांची रिक्त पदे भरावीत. लाल लघवीचा नमुना तिथेच, ताजा, सूक्ष्मदर्शकाखाली बघितला जावा. प्रत्येक विभागात किमान एका शासकीय रुग्णालयात मूत्रपिंडाची बायोप्सी आणि तिची पूर्ण तपासणी मोफत व्हावी.

५. डायलिसिसआधीच्या रुग्णांची औषधे, मायकोफेनोलेटसह, जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीतून दरमहा मिळावीत.

६. डायलिसिसवर येणाऱ्या प्रत्येक रुग्णाचे वय आणि मूळ आजार नोंदवावा. मूळ आजार कळला नसेल तर तसे लिहावे. ही संख्या दरवर्षी जिल्हावार प्रसिद्ध करावी. निदानाअभावी किती तरुण यंत्रापर्यंत पोचतात, हे राज्यापुढे येऊ द्या.

७. अन्न व औषध प्रशासनाने बाजारातल्या आणि पार्लरमधल्या चेहऱ्याच्या क्रीमचे नमुने नियमित घेऊन पाऱ्याच्या तपासणीचे निकाल मराठीत, उत्पादनाच्या नावासह जाहीर करावेत.

यातल्या पहिल्या मागणीला नवी इमारत लागत नाही, नवे यंत्र लागत नाही. पट्टी कपाटात आहे. आपली एक सही लागते. बाकीच्या मागण्यांना पैसा आणि वेळ लागेल हे मी समजते, म्हणून त्यांचे वेळापत्रक मागते आहे.

या पत्राची प्रत आमच्या आमदारांना, जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना दिली आहे. पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आधी यातल्या प्रत्येक मागणीवर होय किंवा नाही, आणि नाही असेल तर का, असे लेखी उत्तर मिळावे ही विनंती. उत्तर आले की तेही याच पत्रासारखे सर्वांसमोर ठेवीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
मराठवाडा